बरे झाल्यावर जायचे कुठे?

मराठीत एखाद्याची टर उडवायची असली की त्याला ठाण्याला नाहीतर येरवड्याला पाठवतात. विदर्भात हा मान नागपूरकडे जातो. मनोरुग्णालयांमुळे ही गावे थट्टेत शिरली ती कायमची, आणि या थट्टेत परतीचे तिकीट कधीच नसते. दुर्दैवाने तेवढा तपशील खरा आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत लक्षणे आटोक्यात आलेली, डॉक्टरांच्या मते घरी जाण्याजोगी झालेली माणसे वर्षानुवर्षे राहत आली आहेत, कारण त्यांना न्यायला कोणी येत नाही. दाखल करताना लिहिलेला पत्ता कधी चुकीचा निघतो, कधी ते घर विकलेले असते. कधी घर आणि माणसे जागच्या जागी असतात, फक्त दार उघडत नाही. मानसिक आजार आयुष्याचे नेमके काय करतो हे समजून घ्यायचे तर ते दाखल होण्याच्या दिवसापेक्षा सुटीच्या दिवशी जास्त कळते.

गेल्या काही वर्षांत मानसिक आरोग्यावर आपण बरेच बोलायला लागलो आहोत. नट-खेळाडू आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे सांगतात, कॉलेजांत समुपदेशक आले, 2022 पासून 'टेलि-मानस' या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चालू आहे. याला फॅड म्हणणाऱ्यांनी एक आकडा पाहावा : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022च्या अहवालात महाराष्ट्रातल्या आत्महत्या 22,746 आहेत, देशात सर्वाधिक. पण 'बोला, मन मोकळे करा' या मोहिमेचा लाभ ज्याला बोलता येते त्याला आधी होतो. स्किझोफ्रेनियात माणूस बोलतो तेच आपल्याला पटत नाही. कानात आवाज येतात, शेजारी कट करताहेत असे वाटते, हे किमान सिनेमामुळे थोडेफार ठाऊक झाले आहे. त्याहून चिवट असतात ती न दिसणारी लक्षणे : उठावेसे न वाटणे, अंघोळ नकोशी होणे, कशाचेच काही न वाटणे. घरात याला सरळ आळस म्हणतात. त्यात हा आजार बहुधा ऐन विशीच्या आगेमागे सुरू होतो. पदवी, पहिली नोकरी, लग्न हे सगळे ज्या वयात व्हायचे, तीच वर्षे तो घेऊन जातो. पुढे गोळ्यांनी आवाज थांबतात. हुकलेली वर्षे काही गोळीने परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा गंभीर आजाराची माणसे इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षे आधी मरण पावतात, आणि त्यात मोठा वाटा हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा असतो. छातीत दुखते म्हणाला तरी 'डोक्यातले असेल' म्हणून वाटेला लावला जाणारा हाच रुग्ण.

कायद्याला हे कळले आहे. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 19 म्हणते की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. प्रत्यक्षात काय घडले? जुलै 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला बजावावे लागले की मनोरुग्णालयांतल्या माणसांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवण्याचा प्रकार ताबडतोब थांबवा. खाट रिकामी झाली की कागदावर पुनर्वसनही झाले, असा तो हिशेब होता. यात कोणी दुष्ट होते असे मला वाटत नाही. बरे झालेल्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न आरोग्य खात्याचा की समाजकल्याण खात्याचा, याचे उत्तर कोणाच्याच टेबलावर नव्हते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा : आधी उपचार तरी पोहोचू द्या, घराचे नंतर बघू. तो अगदीच चुकीचा नाही. 'निम्हान्स' या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात गंभीर मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश उपचारांबाहेर आढळले. पण उपचार आणि निवारा हे एकामागून एक येणारे टप्पे नाहीत. गोळ्या अचानक सुटल्या की आजार उलटतो, आणि रात्री कुठे झोपायचे हे ठरलेले नसेल तर गोळ्यांची वेळ कोण पाळणार? शिवाय उपचारांनंतरही पोरगा घरात बसूनच राहणार, पोरीचे लग्न मोडणारच, अशी ज्यांची खात्री झाली आहे ते दवाखान्याची पायरी चढायला उशीर करतात. तोवर देवऋषी असतोच. कायद्यात, सोबत राहणे अशक्य व्हावे असा मानसिक विकार घटस्फोटाचे कारण ठरतो. 'लग्न झाले की सुधारेल' म्हणून आजार लपवून लावलेली लग्ने तिथेच पोहोचतात, आणि बाई मग माहेरचीही राहत नाही, सासरचीही नाही.

मग दोष कुटुंबाचा? इथे जपून बोलले पाहिजे. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द गोड आहेत, शुभंकराचे आयुष्य तसे नाही. सत्तरीची आई पंचेचाळीस वर्षांच्या मुलाच्या गोळ्या मोजत असते आणि 'माझ्यानंतर याचे काय' हा एकच प्रश्न उशाशी घेऊन झोपते. घरात सतत टीका आणि राग असेल तर आजार उलटण्याचे प्रमाण वाढते, हे लंडनमध्ये सुरू झालेल्या आणि चंडीगडमध्येही तपासलेल्या संशोधनातून पुढे आले. कुटुंबाला आजाराची नीट माहिती आणि आधार मिळाला तर ते कमी होते, हेही. म्हणजे घरच्यांचा सूर बदलू शकतो. पण थकलेल्या माणसाला केवळ 'चिडू नका' सांगून तो बदलत नाही. दाराआडच्या माणसांना निर्दय ठरवण्याआधी, इतकी वर्षे त्यांच्या मदतीला कोण आले होते हे विचारावे.

दुसरा आक्षेप भीतीचा. उपचार न झालेल्या तीव्र आजारात, विशेषतः सोबत दारू वा नशा असेल तर, हिंसेचा धोका काहीसा वाढतो. ते झाकण्यात अर्थ नाही. पण या आजाराची बहुतेक माणसे हिंसक नसतात, उलट मार खाणाऱ्यांतच त्यांची गणती अधिक. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधून मारहाण होत होती म्हणूनच 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत ती पहिल्या क्रमांकावर घालावी लागली. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना बांधून ठेवणाऱ्या आश्रमाला 6 ऑगस्ट 2001 रोजी लागलेल्या आगीत 28 जण मेले, कारण साखळ्यांमुळे त्यांना पळता आले नाही. धोका कोणाला कोणापासून आहे, हे यातून दिसते.

राहिला पैशाचा प्रश्न. बऱ्या झालेल्या माणसाला रुग्णालयात ठेवणेही फुकट नसते : खाट, जेवण, तीन पाळ्यांचे कर्मचारी, आणि ज्याला खरोखर दाखल व्हायचे आहे त्याची अडलेली जागा. तमिळनाडूतल्या 'द बनियन' या संस्थेने वेगळी वाट काढली. दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेले चार-पाच जण साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात, सोबतीला एक मदतनीस. भाजी आणतात, भांडतात, झेपेल ते काम करतात. हा प्रयोग रत्नागिरीपर्यंत आला आहे. तो सगळ्यांना लागू पडेल असे नाही. काहींना आयुष्यभर दाट देखरेख लागेल. पण ज्यांना पडेल त्यांच्यासाठी गरज आहे ती अकरा महिन्यांच्या भाडेकराराची, आणि तो करणाऱ्या घरमालकाची. एकट्या मुलांना, मांसाहार करणाऱ्यांना घर नाकारणाऱ्या आपल्या सोसायट्यांच्या कमिटीपुढे उद्या चार बायकांचा अर्ज येईल. 'आधीचा पत्ता' या रकान्यात चौघींनी प्रादेशिक मनोरुग्णालय लिहिले असेल.