थायरॉईड: तपासणी कुणाची, यापेक्षा कधी?

गरोदरपणातल्या थायरॉईडची चर्चा निघाली की वाद एकाच प्रश्नावर अडतो: तपासणी सरसकट सगळ्यांची करायची की निवडक जणींची? प्रश्न रास्त आहे. पण त्याहून कळीचा मुद्दा तपासणी कधी होते, हा आहे. गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास संप्रेरक तयार करू लागते आणि ती पुरती सक्षम व्हायला अठरा ते वीस आठवडे लागतात. तोवर मेंदूच्या जडणघडणीला लागणारे थायरॉक्सिन आईकडूनच येते. नेमक्या याच दिवसांत आईच्या ग्रंथीवरचा भार वाढतो. निरोगी ग्रंथी तो पेलते, आधीच मंदावलेली पेलू शकत नाही. थकवा, सुस्ती, बद्धकोष्ठता ही लक्षणे मात्र ‘या दिवसांत असं होतंच’ म्हणून खपून जातात. रक्त तपासल्याखेरीज खरे कळत नाही.

यावर पहिला आक्षेप संशोधनाचाच आहे. गरोदरपणी थायरॉईडची कमतरता असून उपचार न झालेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांनी कमी असल्याचे १९९९मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले. पण २०१२मध्ये ब्रिटन-इटलीतल्या आणि २०१७मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत गोळ्या दिलेल्या व न दिलेल्या मातांच्या मुलांच्या बुद्ध्यांकात फरक आढळला नाही. मग तपासण्या कशाला? या चाचण्यांत बहुतेक स्त्रियांची कमतरता सौम्य होती आणि उपचार सुरू होईपर्यंत पहिली तिमाही सरली किंवा सरत आली होती. उपचार लवकर दिले असते तर फायदा झालाच असता, असे यावरून सिद्ध होत नाही. पण उशिरा दिलेली गोळी कुचकामी ठरली म्हणून वेळेवर दिलेलीही निरुपयोगी, हेही सिद्ध होत नाही. शिवाय उघड, तीव्र कमतरतेवर उपचार हवेतच, याबद्दल तज्ज्ञांत दुमत नाही. गर्भपात आणि अकाली प्रसूतीचा धोका तिथे खरा आहे.

दुसरा आक्षेप अतिउपचाराचा, आणि त्यात तथ्य आहे. पहिल्या तिमाहीत टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक; ग्रंथी मंदावली की ते वाढते) एरवीपेक्षा खाली येते, म्हणून २०११मध्ये अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २.५ ही वरची मर्यादा सुचवली. त्यामुळे असंख्य धडधाकट स्त्रियांच्या हाती गोळ्यांची बाटली आली. २०१७मध्ये त्याच संस्थेने भूमिका बदलली: शक्यतो स्थानिक लोकसंख्येवरून मर्यादा ठरवावी, तशी नसेल तर ४च्या आसपास धरावी. तेव्हा आकडा जरा वर दिसला की जन्मभराची गोळी, हे चूकच. सौम्य वाढ असेल तर थायरॉईडविरोधी अँटीबॉडीची तपासणी करून निर्णय घ्यावा आणि गरोदरपणात सुरू केलेली गोळी पुढे हवी का, हे बाळंतपणानंतर पुन्हा पाहावे.

वेळेचे महत्त्व सर्वांत जास्त आधीपासून गोळी घेणाऱ्यांना. दिवस राहिल्यावर त्यांची गरज बहुधा २५ ते ५० टक्क्यांनी वाढते, तरी अनेकजणी पहिल्या सोनोग्राफीपर्यंत जुन्याच डोसवर राहतात. दुसरी चूक स्वयंपाकघरात होते. सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी आणि लगेच चहा-नाश्त्यासोबत लोहाची किंवा कॅल्शियमची. लोह व कॅल्शियम थायरॉक्सिन शोषू देत नाहीत, म्हणून मध्ये चार तासांचे अंतर हवे. त्या गोळ्या दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर घेतल्या की प्रश्न मिटतो. हे औषध देतानाच सांगायला हवे.

केंद्र सरकारच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जोखमीच्या गरोदर स्त्रियांची पहिल्याच भेटीत टीएसएच तपासणी व्हायला हवी. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पहिल्या तिमाहीत प्रसूतिपूर्व तपासणीला पोहोचणाऱ्या माता सुमारे ७० टक्केच आहेत. उरलेल्यांसाठी ही सूचना कागदावरच राहते. म्हणून लवकर नोंदणी आणि त्याच दिवशी रक्ताचा नमुना, यावर आरोग्य खात्याने भर द्यावा. आणि आधीपासून गोळी चालू असलेल्या प्रत्येकीने पाळी चुकून चाचणी सकारात्मक आली की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.