बॅटरी एक, चार्जर दोन

घरच्या इन्व्हर्टरला सौर पॅनेल जोडले की वीज जाण्याची चिंता मिटली, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात त्या क्षणापासून एकाच बॅटरीला दोन चार्जर लागतात: सौर चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टरमधील विजेवरचा चार्जर. दोहोंच्या व्होल्टेज मर्यादा जुळलेल्या नसतील, तर एक थांबल्यावरही दुसरा प्रवाह ढकलतच राहतो.

१२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला २५ अंश सेल्सिअस तापमानात पूर्ण चार्ज होण्यास सुमारे १४.४ व्होल्ट, तर त्यानंतर तशीच राखण्यास १३.५ ते १३.८ व्होल्ट पुरतात. अतिरिक्त चार्जिंगने पाण्याचे विघटन होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो व प्लेटा झिजतात. उन्हाळ्यात ही मर्यादा आणखी खाली आणावी लागते. वारंवार पाणी घालावे लागणे हा त्याचाच इशारा होय. तरीही दोष बॅटरीच्या माथी मारला जातो आणि नव्या बॅटरीचा भुर्दंड शेतकरी सोसतो.

म्हणूनच, जोडणी करणाऱ्याने दोन्ही चार्जरच्या मर्यादा बॅटरी-उत्पादकाच्या शिफारशीनुसार जुळवून लेखी द्याव्यात, असा आग्रह विस्तार कार्यकर्त्यांनी धरावा. पॅनेल बसले म्हणजे काम संपले असे नव्हे; बॅटरी टिकली तरच ते साधले.