उपदेशासकट विकलेलं प्लास्टिक

आमच्या पिढीला एक खोड जडली आहे. मुलाच्या हातात मोबाइल दिसला, त्यात कुणीतरी खेळण्यांचे खोके फोडताना दिसलं, की लगेच सुरू होतं, ‘आमच्या वेळची कार्टून्स बघ! ही-मॅनमध्ये शेवटी चांगल्या वागण्याचा धडा असायचा.’ लग्नाच्या पंगतीत, पालकसभेत, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे इतक्यांदा ऐकलंय, की आता त्याचा समाचार घेणं भाग आहे. ज्या मालिकेचे आपण गोडवे गातो, ती प्लास्टिकचे पुतळे खपवण्यासाठी काढलेली होती. शेवटचा धडा हा त्याच विक्रीचा भाग होता.

ही कहाणी सुरू होते धंद्यातल्या एका चुकलेल्या संधीपासून. ‘स्टार वॉर्स’ची खेळणी काढण्याचा प्रस्ताव १९७६ साली अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने नाकारला. तो केनर या कंपनीने उचलला. १९७७ साली सिनेमा तुफान चालला, पण नाताळापर्यंत केनरची खेळणी तयार नव्हती. मग तिने काय विकलं? रिकामं पुठ्ठ्याचं पाकीट. आत कुपन, खेळणी पुढच्या वर्षी पोस्टाने येतील. मुलांना काय विकता येतं, हे त्या पाकिटाने साऱ्या खेळणी-उद्योगाला शिकवलं.

हात चोळत बसलेल्या मॅटेलला आता स्वतःच्या मालकीचा नायक हवा होता, कुणाला रॉयल्टी द्यावी लागणार नाही असा. रॉजर स्वीट या डिझायनरने कंपनीच्याच ‘बिग जिम’च्या पुतळ्यांवर माती थापून तीन दांडगे नमुने केले: एक रानटी योद्धा, एक सैनिक, एक अंतराळवीर. ‘ही-मॅन’ हे नावही मुद्दाम मोघम ठेवलं, म्हणजे ते कुठल्याही वेशात खपावं. मार्क टेलर या चित्रकाराची रेखाटनंही होती. ही-मॅनचा खरा जनक कोण, यावर पुढे बराच वाद झाला. मला त्या वादात रस नाही. चित्रं होती, पुतळे होते. गोष्टीचं अजून पाहायचं होतं. आधी मांडव घालून मग नवरदेव शोधायला निघावं, तसा सगळा कारभार.

आता ही-मॅनचा वाघ, आपला लाडका बॅटल कॅट पाहा. तो मुळात ‘बिग जिम’ मालिकेतला. त्याचा साचा कारखान्यात पडून होता. नव्या, छोट्या पुतळ्यांपुढे तो फारच मोठा दिसत होता, म्हणून त्याच्या पाठीवर खोगीर चढवलं आणि त्याला वाहन करून टाकलं. साच्याच्या वाचवलेल्या पैशातून एक अजरामर पात्र जन्माला आलं! याच संचातला १९८५ सालचा मॉस मॅन म्हणजे बीस्ट मॅनचाच साचा, वरून हिरवी लव चिकटवलेली. स्टिंकॉरला मर-मॅनचं डोकं, मेकानेकचं चिलखत आणि वर वास. साचा एक, खोके अनेक, आणि प्रत्येक खोक्याची किंमत वेगळी वसूल.

१९८२ साली हे पुतळे बाजारात आले. मॅटेलच्याच माणसांनी सांगितलेला एक किस्सा आहे. दुकानदारांसमोर कंपनीने फुशारकी मारली, की प्रत्येक पुतळ्यासोबत छोटं कॉमिक देऊ. समोरून प्रश्न आला, पाच वर्षांच्या मुलांना वाचता कुठे येतं? तेव्हा बैठकीतच टीव्ही कार्यक्रमाचं आश्वासन देऊन टाकलं. अडचण विक्रीची होती, उपाय कथेचा निघाला.

हे आधी जमलं नसतं. १९६९ साली मॅटेलच्याच ‘हॉट व्हील्स’ गाड्यांवर कार्टून मालिका आली, तेव्हा प्रतिस्पर्धी कंपनीने तक्रार केली आणि अमेरिकेच्या संचार आयोगाने त्या कार्यक्रमाचा काही भाग जाहिरात म्हणून मोजायला लावला. १९८१ साली रेगन सरकारने मार्क फाउलर यांना आयोगाचे अध्यक्ष नेमलं. टीव्ही म्हणजे घरातलं आणखी एक उपकरण, चित्रं दाखवणारा टोस्टर, असं या गृहस्थांचं मत. टोस्टरला कसली आलीय लहान मुलांची जबाबदारी? १९८३ साली फिल्मेशन स्टुडिओची ‘ही-मॅन’ थेट स्थानिक वाहिन्यांना विकली गेली. दोन हंगामांत १३० भाग. १९८४ साली जाहिरातींच्या वेळेवरची बंधनंही उठली आणि दार सताड उघडलं.

त्या दारातून ‘ट्रान्सफॉर्मर्स’ आत आले. जपानच्या ताकारा कंपनीची तयार खेळणी हॅस्ब्रोने घेतली, मार्व्हलच्या लेखकांनी त्यांना नावं आणि स्वभाव चिकटवले. १९८६ सालच्या चित्रपटात ऑप्टिमस प्राइमला ठार मारलं, कारण जुनी खेळणी हटवून नव्यांना जागा करायची होती. थिएटरात मुलं रडली. गिऱ्हाईक एवढं मनापासून रडेल, हे हिशेबात धरलेलं नव्हतं. म्हणून त्याला पुढे पुन्हा जिवंत केलं.

आणि तो प्रसिद्ध उपदेश? बोस्टनच्या पेगी शॅरन आणि त्यांची ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संस्था अशा मालिकांना अर्ध्या तासाच्या जाहिराती म्हणत होती. या टीकेवरचा उतारा म्हणजे तो उपदेश: ही-मॅनची तलवार कुणाला लागत नाही, भागाच्या शेवटी तो मुलांना शहाणपण सांगतो, म्हणजे आईबापांनी निश्चिंत मनाने पाकीट उघडावं. ‘खोटं बोलू नका’ असं सांगणारा कार्यक्रम स्वतः कोण आहे, हे मात्र सांगत नव्हता.

यावर ठरलेला युक्तिवाद येतो, की लिहिणारे कलावंत होते. होतेच. पुढे ‘बॅटमॅन’ची उत्तम मालिका लिहिणारे पॉल डिनी इथेच घडले. पण त्या गुणी माणसांना विषय निवडायचं स्वातंत्र्य कितपत होतं? नवा पुतळा निघाला की त्याच्यासाठी प्रसंग रचायचा, एवढंच. शेवटी पुतळेही इतके निघाले की बाजार ओकला. अमेरिकेतली ही-मॅनची विक्री १९८६ साली ४० कोटी डॉलर होती, ती १९८७ साली ७० लाखांवर आली. पन्नासहून अधिक पटींनी आपटी! ही-मॅनची सत्ता मागणीपुरतीच होती.

आपल्याकडे ही-मॅन दूरदर्शनवरून आला. दुसरी वाहिनी निवडायची सोय नव्हती. लिओ मॅटेलच्या नावाने पुतळे इथल्या दुकानांत लागले. एमआरएफ आणि हॅस्ब्रोच्या भागीदारीतल्या फनस्कूलने जी. आय. जो हा सैनिकी पुतळा गोव्यातच बनवला. सरकारी वाहिनीने दाखवलं म्हणजे ते शुद्ध, असं मध्यमवर्गाने गृहीत धरलं. आज तीच मंडळी चाळिशीत जुने पुतळे चढ्या भावाने घेऊन काचेच्या कपाटात मांडतात. मॅटेल तर त्यासाठीच प्रौढांकरिता खास आवृत्त्या काढते. एकाच माणसाला एकच बाहुला दोनदा विकला: पहिल्यांदा हट्टापोटी, दुसऱ्यांदा आठवणीपोटी.

जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे, असा आपला केबल टीव्हीचा नियम १९९४ पासून सांगतो. २०२२ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांसाठीच्या जाहिरातींचा स्वतंत्र विचार आहे. पण कार्यक्रमच जाहिरात असेल तर वेगळं काय काढणार? ही पळवाट ही-मॅनने रुंद केली आणि आजचे खोके फोडणारे व्हिडिओ तिच्यातूनच चाललेत. १९९० साली अमेरिकेने मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांसाठी कायदा केला. पण त्याच्या नियमांनुसारही खेळण्यावरची मालिका चालते, तिच्यात त्याच खेळण्याची जाहिरात आली नाही म्हणजे झालं.

तेव्हा मागणी साधी आहे. लहान मुलांच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी या पात्राचा मालक कोण आणि त्याची खेळणी कोण विकतं, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि वाचूनही दाखवलं पाहिजे, कारण पाच वर्षांच्या मुलांना वाचता येत नाही हे कंपन्यांना केव्हाच कळलंय. आणि पालकहो, ते होईपर्यंत ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द कृपा करून मुलांसमोर उच्चारू नका. तुमच्या वेळी हेच होतं.