एका मापाची नियमावली

खेळणारे रसिक असले म्हणजे नियम कोणतेही चालतात, असे एक मत अलीकडे सुशिक्षित मंडळींत रूढ होऊ पाहत आहे. आमचे एक तरुण स्नेही, गणिताचे प्राध्यापक, तर ह्याच्याही पुढे जातात. त्यांच्या मते एकच नियमावली नीट शिकून घ्यावी आणि तिच्यावर राजदरबार, चंद्रावरची स्वारी, भूतकथा, जे हवे ते खेळावे. प्रत्येक कथेस निराळे नियम रचणे हा निव्वळ कागदाचा अपव्यय होय. हे मत सोयीचे आहे, एवढे आम्हांस मान्य आहे. ते खरे आहे असे मात्र आम्हांस वाटत नाही, आणि का वाटत नाही हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वाद ज्या खेळांविषयी आहे ते सर्वच वाचकांच्या परिचयाचे असतील असे नाही. मेजाभोवती चारपाच जणांनी बसावे, प्रत्येकाने एकेक सोंग घेऊन त्याच्या तोंडून बोलावे, एकाने सूत्रधार होऊन उरलेले जग चालवावे, आणि जेथे कृतीचा निकाल संशयित असेल तेथे फासे टाकावेत, असा हा प्रकार. ह्यास आम्ही भूमिकाक्रीडा म्हणतो. दंडार आणि खडी गंमत पाहत वाढलेल्या आमच्या झाडीपट्टीच्या माणसास ह्यातील सोंग नवे नाही. नवा आहे तो फासा आणि लेखी नियम. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन ह्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केले, तेथून ही परंपरा सुरू झाली. पुढे १९८६ साली स्टीव्ह जॅक्सन ह्यांचे ‘गर्प्स’ निघाले. सर्वसाधारण आणि सार्वत्रिक ही दोन्ही विशेषणे त्याने आपल्या नावातच मिरविली. तीन फासे टाकावेत. बेरीज आपल्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली की काम फत्ते, मग ते काम तलवारीचे असो वा वकिलीचे. आमच्या स्नेह्यांची भक्ती ह्या ग्रंथावर आहे.

आता प्रत्यक्ष घडलेली गोष्ट. गेल्या वर्षी साकोली-लाखनीकडच्या काही विद्यार्थ्यांनी मालगुजारी तलावावर एक खेळ बसविला. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी मंडळींनी येथे पाळी घातल्या, पाणी अडविले आणि त्यावर धान पिकविले. तलावाच्या पाण्याचे वाटेकरी अनेक. पाळीलगतच्या बांधीस पाणी आधी मिळते, शेवटच्या बांधीस उरले तर मिळते. ढिवरास मासळी व शिंगाडा ह्यांसाठी पाणी तलावातच राहावयास हवे, तर तलावाच्या पोटातील जमीन कसणाऱ्यास ते लवकर ओसरावयास हवे. नाट्य म्हणतात ते आणखी काय असते? विद्यार्थ्यांचे विषयज्ञान उत्तम होते, कारण निम्म्यांच्या घरी धानाची शेती आहे. परंतु नियम त्यांनी आमच्या स्नेह्यांच्या सल्ल्याने सार्वत्रिक घेतले. मालगुजारास संपत्तीचे गुण मिळाले, कास्तकारास काटकपणाचे, ढिवरास पोहण्याचे. आणि झाले काय? दुसऱ्याच प्रवेशात पाळीवर मारामारी जुंपली. लाठीचा प्रत्येक वार मोजला गेला, कोण कोणत्या क्षणी पाय घसरून पडला त्याची नोंद झाली. तीन तास खेळ चालला. त्या तीन तासांत पावसाचा थेंब पडला नाही आणि तलावात पाणी किती आहे हे कोणी विचारलेही नाही!

हा दोष मुलांचा नव्हे. त्या नियमावलीत द्वंद्वयुद्धाची पाळी एका सेकंदाची असते. लांब मुदतीच्या कामांचीही सोय तीत आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या पानांवर नियम सूक्ष्म आणि फासा खुळखुळता, तिकडे खेळणाऱ्याचा हात आपोआप वळतो. तलावाचा काळ सेकंदांनी मोजता येत नाही. तो नक्षत्रांनी मोजावा लागतो. मृगात पेरणी, आर्द्रा-पुनर्वसूत रोवणी, आणि हस्तात दाणा भरण्याच्या वेळी पाऊस दगा देतो की काय ही धास्ती. मघात तुडुम उघडून आजची बांधी वाचवावी की पाणी हस्तासाठी राखावे, हा एक प्रश्न शंभर लाठ्यांहून भारी आहे. जो नियम हा प्रश्न विचारीत नाही तो त्या खेळाचा नियमच नव्हे.

विशेष नियम काय करू शकतात ह्याचे उदाहरण म्हणून ग्रेग स्टॅफर्ड ह्यांचे १९८५ चे ‘पेंड्रॅगन’ पाहावे. विषय आर्थर राजाचे सरदार. तेथे एका साहसास एक वर्ष लागते. हिवाळ्यात सरदार घरी परततो, जमिनीचे उत्पन्न पाहतो, लग्न करतो, म्हातारा होतो, आणि तो मेल्यावर त्याच्या मुलाचे सोंग त्याच खेळाडूने घ्यावयाचे असते. दया व क्रौर्य, औदार्य व स्वार्थ अशा तेरा जोड्या आहेत, आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया एकाने वाढली की क्रौर्य एकाने उतरते. सरदाराची नीती येथे सूत्रधाराच्या प्रवचनात नाही, ती बेरजेत आहे.

प्रतिपक्षाचे एक प्रमाण मात्र बलवत्तर आहे, आणि ते आम्ही लपवू इच्छीत नाही. १९८१ चे ‘कॉल ऑफ कथुलू’ हे सँडी पीटरसन ह्यांचे भयकथांचे पुस्तक केऑसियम संस्थेच्या सर्वसाधारण नियमांवरच उभे आहे. खरे आहे. परंतु ते अजून का खेळले जाते? त्या साध्या सांगाड्यात घातलेल्या एका खास नियमामुळे. प्रत्येक पात्रास मनःस्वास्थ्याचा आकडा असतो. भयंकर दर्शनाने तो घटतो, आणि त्या गुप्त विद्येचे ज्ञान जसजसे वाढते तसतशी त्या आकड्याची कमाल मर्यादाच खाली येते. जाणणे हाच नाश, हे सारे तत्त्व एका आकडेमोडीत आले. सांगाडा उसना असला तरी चालेल. प्राण उसना चालत नाही.

राहता राहिला सूत्रधाराच्या प्रतिभेचा मुद्दा. चांगला सूत्रधार असला तर नियमांची गरजच काय, असे विचारले जाते. हा प्रश्न फार जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ ह्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावरील युद्धखेळाचे काटेकोर नियम छापले. १८७६ साली व्हर्दी द्यु व्हर्न्वा ह्यांनी ते बाजूस सारून सर्व निवाडा पंचावर सोपविला. पण तो पंच कोण होता? प्रत्यक्ष युद्ध पाहिलेला सेनाधिकारी. नियम गेले नव्हते, ते कागदावरून त्याच्या डोक्यात गेले होते. ज्याने धानाची बांधी पाहिली नाही अशा नागपूरच्या सूत्रधाराच्या डोक्यातून तुडुमाचा निवाडा कसा निघावा?

आमच्या पूर्वजांस ही गोष्ट कळत होती. मध्यप्रांतात सेटलमेंटच्या वेळी प्रत्येक गावाचा वाजिब-उल-अर्ज निराळा लिहीत; त्या गावची वहिवाट, त्या गावचे निस्तार. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजार गेला ह्याचे आम्हांस तिळमात्र दुःख नाही. वाजिब-उल-अर्जात त्याचा स्वार्थही पुष्कळ लिहिलेला असे. परंतु गावोगावच्या वाटणीची रीत एका सरकारी मापात बसविताना शेवटच्या बांधीचे काय झाले, हे पाळीवर उगवलेल्या बेशरमाच्या रानास विचारावे. खेळाच्या वादात हे विषयांतर झाले खरे, पण ते आवरले नाही.

विद्यार्थ्यांनी ह्या वर्षी खेळ पुन्हा रचला आहे. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रे, नऊ पाळ्या. मध्ये पितळी परात, तीत चिंचोके. चिंचोका म्हणजे पाणी. प्रत्येक नक्षत्राचा पाऊस एका फाशाने ठरतो, आणि तुडुम उघडले की चिंचोके पाळीलगतच्या बांधीपासून खाली वाटत जावयाचे. मारामारीस एकच फासा, आणि जो हरेल त्याची एक पाळी फुकट. आमचे गणिती स्नेही परवा ढिवराचे सोंग घेऊन बसले होते. पूर्वा नक्षत्री परातीत पाच चिंचोके उरले असता तुडुम उघडू नये म्हणून त्यांनी पाऊण तास वाद घातला, आणि हरले. हस्ताचा फासा इतर नक्षत्रांसारखाच ठेवणे चूक आहे, त्यास वेगळे कोष्टक हवे, अशी त्यांची आता तक्रार आहे. ते कोष्टक ते स्वतःच करीत आहेत.