निदान मालकाचं, दुरुस्ती कारागिराची

गाडीचे ब्रेक तापतात, चाक धरतं, अशी तक्रार नाशकात चार जणांपुढे काढा, ठरलेली तीन मतं ऐकायला मिळतील. ‘ब्रेकशी खेळू नका, जिवाशी गाठ आहे, गाडी गॅरेजला टाका.’ ‘पॅड गेले असतील, बदलून टाका.’ आणि तिसरं, ‘घाटात तापणारच, त्यात काय विशेष!’ तिन्ही मतांत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. पण दोष नेमका कुठे आहे, हा प्रश्न तिन्ही मतं टाळतात. तो प्रश्न गाडीच्या मालकाने घरीच सोडवायला हवा, आणि बऱ्याच अंशी तो सोडवता येतो.

पहिलं मत घेऊ. ब्रेक उघडणं हे नवशिक्याचं काम नव्हे, हे मान्य. पण निदान म्हणजे उघडणं नव्हे. कोणतं चाक तापलं, कधी तापलं, वास कुठून आला, गाडी कोणत्या बाजूला ओढते, हे पाहायला पाना लागत नाही. शिवाय गाडी गॅरेजच्या दारात रात्रभर उभी राहिली की थंड होते आणि धरलेलं चाक सुटतं. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, ‘काही नाही, ठीक आहे.’ तो खोटं बोलत नसतो; दोष प्रकट होतो तेव्हा तो तिथे नसतो, तुम्ही असता. ज्या शहरात महिंद्राच्या गाड्या बनतात आणि सातपूर-अंबडच्या शेडमध्ये सुटे भाग तयार होतात, तिथल्या माणसाने ‘आपल्याला गाडीतलं काही कळत नाही’ म्हणून हात वर करावेत, हे शोभत नाही.

दुसरं मत खिशाला महाग पडतं. झिजलेला पॅड चाक धरून ठेवत नाही. ब्रेक सोडल्यावर कॅलिपरचा पिस्टन किंचित मागे सरकतो, तो त्याच्याभोवतीच्या रबरी सीलच्या ताणामुळे. पिस्टन गंजला, किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्या, की पॅड डिस्कला घासत राहतात. अशी पिन बाहेर काढून पाहावी : रबरी टोपी फाटलेली, आतलं ग्रीस काळं होऊन वाळलेलं, पिनेवर तपकिरी गंजाचे पट्टे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात चार महिने फिरणाऱ्या गाडीत हे व्हायला वेळ लागत नाही. इथे नुसते पॅड बदलले, तर नवे पॅडही तसेच जळणार. उलट, जाड पॅड बसवायला गंजका पिस्टन मागे रेटला की गंजलेला भाग सीलमधून आत जातो आणि पुढच्या वेळी आणखी घट्ट धरतो.

तिसरं मत अर्धं खरं आहे. १,३०० किलोची गाडी १०० मीटर उंची उतरते, तेव्हा सुमारे तेरा लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेत चार लिटर पाण्याला उकळी फुटते. सप्तशृंगगडावरून नांदुरीला किंवा कसारा घाटात न्यूट्रलवर, पाय ब्रेकवर ठेवून उतरलात, तर ही सगळी उष्णता डिस्क आणि ड्रममध्ये जाणार. तो दोष चालकाचा; खालच्या गिअरमध्ये उतरणं हा त्यावरचा इलाज. मात्र सपाट रस्त्यावर, ब्रेक फारसा न दाबताही चाक तापत असेल, तर घाटाला बोल लावण्यात अर्थ नाही. आणि घाट उतरल्यावर तापलेल्या चाकावर बाटलीभर पाणी ओतणाऱ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं : बिडाची डिस्क अशाने वाकते, प्रसंगी तडकते. त्यापेक्षा सपाटीला हळूहळू थोडं अंतर चालवा, वारा लागू द्या. थांबल्यावर लगेच हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

आता करायचं काय ते सांगतो. पहाटे रिकाम्या, सपाट रस्त्याने दहा-बारा किलोमीटर जा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा आणि शेवटी गाडी आपोआप मंदावू द्या. उतरून प्रत्येक रिमजवळ तळहात न्या. टेकवू नका, पोळेल. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त तापतातच, म्हणून तुलना डाव्या-उजव्याची करा. एकच चाक वेगळं तापलं तर दोष त्या चाकाशी. मागची दोन्ही तापली तर संशय हँडब्रेकच्या केबलवर. पुढची दोन्ही किंवा चारही धरत असतील तर मास्टर सिलिंडरकडे किंवा पेडलच्या दांड्याकडे बोट जातं. अनेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ब्रेकची लाइन तिरकी विभागलेली असते. त्यामुळे पुढचं डावं आणि मागचं उजवं एकदम धरलं, तरी कारण एकच असू शकतं.

वेळही नोंदवा. सकाळी थंड गाडीचंच चाक जड असेल, तर गंज, सुकलेली पिन किंवा ड्रमला चिकटलेले लायनर. सुरुवातीला ठीक, काही किलोमीटरनंतर धरतं आणि थांबलं की सुटतं, असं असेल तर ब्रेक ऑइलचा दाब कुठेतरी अडकतोय.

चाक उचलून हाताने फिरवून पाहायचं असेल तर सपाट, पक्क्या जागेवरच. जमिनीवरच्या चाकांना अडण लावा, जॅकबरोबर स्टँड द्या आणि गाडीखाली शिरू नका. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं चाक गिअरबॉक्समुळे थोडं जड फिरतं. हलकी घासही चालते. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला, तर मात्र चाक धरलंय.

इथे घरचं काम संपतं. पुढची चाचणी गॅरेजमध्ये, पण तुमच्या डोळ्यांदेखत व्हावी. चाक धरलेलं असतानाच त्याचं ब्लीडर निपल उघडायला सांगा. ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब अडकला होता. होज पाइप आतून फुगलाय की मास्टर सिलिंडर दाब सोडत नाही, ते पुढे तपासता येतं. निपल उघडूनही चाक सुटलं नाही, तर पिस्टन किंवा पिनाच. सोबत ब्रेक ऑइलचं वयही विचारा. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शिरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो. चिकटलेल्या ब्रेकची उष्णता आणि जुनं ऑइल एकत्र आलं की पेडल थेट तळाला जातं. चाक धरतंय हे कळूनही चालवत राहणं, हा खरा जिवाशी खेळ.

म्हणून गॅरेजच्या दारात ‘जरा ब्रेक बघा’ म्हणून किल्ली टेकवू नका. ‘पुढचं डावं चाक, सपाटीला दहा किलोमीटरनंतर धरतं, थंड झालं की सुटतं; निपल उघडून दाखवा,’ असं सांगा. चांगल्या कारागिराला अशा गिऱ्हाइकाचा राग येत नाही, त्याचा अर्धा तास वाचतो. ज्याला राग येतो, त्याच्या हाती ब्रेक न दिलेलेच बरे.