तळघरातील पाणी

मागील अंकातील गच्चीच्या गळतीवरील लेख वाचून काही वाचकांनी तळघराविषयी विचारणा केली आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि दुकानाखाली मालाचे तळघर अशी ज्यांची वास्तू आहे, त्यांची चिंता रास्तच आहे. सांगलीच्या पेठेतील आमचे घरही याच घडणीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा आमचे तळघर छतापर्यंत भरले. परंतु खरे सांगायचे तर त्यापूर्वी कित्येक वर्षे ते दरसाल थोडे थोडे ओलावत होते, भिंतींना लोणा लागत होता, आणि आम्ही दर दिवाळीला आतून नवा रंग देऊन समाधान मानत होतो. रंगाने ओल झाकली जाते, थांबत नाही. बाहेरून येणारे पाणी त्या रंगाला फोड आणून सोलून टाकते.

म्हणून प्रथम पाण्याची वाट शोधावी. भिंतीचा हातभर भाग पुसून कोरडा करावा, त्यावर जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडील बाजूस थेंब जमले, तर पाणी भिंतीतून झिरपत आहे. खोलीकडील बाजू ओली झाली, तर ते हवेतील बाष्प होय. पावसाळ्यातील दमट हवा थंड भिंतीला टेकली की तिचे पाणी होते. अशा दिवसांत ‘जरा वारा लागू दे’ म्हणून झरोके उघडणे म्हणजे आणखी ओल आत घेणेच. ते काम उघडीप मिळालेल्या कोरड्या दिवसाचे.

भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्याचे मूळ बहुधा घराबाहेर चार पावलांवर सापडते. आपल्याकडील काळी माती उन्हाळ्यात आक्रसते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घराभोवती फिरून पाहावे. जोत्यालगत बोट शिरेल एवढी फट दिसते. वळवाचे पाणी त्या फटीतून सरळ तळघराच्या भिंतीशी उतरते आणि पुढे तीच माती पाणी पिऊन फुगली की भिंतीला आत रेटते. जोत्यालगतची ही माती काढून तेथे मुरूम चोपून भरावा आणि वर किमान तीन फूट रुंदीचा कोबा घालावा. कोब्याला भिंतीपासून बाहेर दोन इंचांचा तरी उतार हवा. गच्चीचे पाणीही दूर न्यावे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तरी नऊशे लिटरांहून अधिक पाणी जमते. आमच्या घरी ते सारे एका नळातून नेमके जोत्याच्या कोपऱ्यात पडत होते. दहा फूट जादा पाइप जोडण्याचे कोणास सुचले नाही! ही कामे चातुर्मासापूर्वी उरकावीत. भर पावसात गवंडी मिळत नाही आणि मिळाला तरी काम टिकत नाही.

तळघरात मोरी असेल, तर तिच्या नळास पाणी उलटे येऊ न देणारी झडप बसवावी. रस्त्यावर पाणी दिसण्याआधीच ते गटारातून उलटे फिरून मोरीतून वर येते, हे पूर पाहिलेल्यांना ठाऊक आहे. उपसा पंप विजेवरचा असेल, तर त्यास इन्व्हर्टरची जोड हवी, कारण पावसाचा जोर वाढतो त्याच वेळी वीज जाते.

आता आमच्या हातून घडलेली चूक. पूर ओसरताच, माल वाचेल या आशेने, आम्ही दोन पंप भाड्याने आणून एका रात्रीत तळघर कोरडे केले. सकाळी उत्तरेची भिंत आत फुगलेली होती आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भेग गेली होती. कारण साधे आहे. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते आणि खोलीच्या दर मीटरला त्या पाण्याचा दाब चौरस मीटरमागे एक टनाने वाढतो. आतले पाणी तोवर त्या रेट्याला तोलून धरत असते. बाहेरचे पाणी पूर्ण उतरल्यावर एक फूट उपसावे, भिंतीवर खूण करावी आणि रात्रभर थांबावे. पाणी पुन्हा खुणेवर आले, तर घाई झाली असे समजावे. खूण स्थिर राहिली, तरच दिवसाला दोन-तीन फूट उपसा करावा. मुख्य स्विच बंद केल्याशिवाय पायरीवर पाऊल ठेवू नये आणि डिझेलचा पंप कधीही आत उतरवू नये. त्याच्या धुराने माणूस गुदमरतो.

माल गेला तर पुन्हा भरता येतो. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणी वर्गाच्या तळघरातील अभ्यासिकेत रस्त्यावरचे पाणी घुसले आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. तेथे परवानगी होती ती साठवणीची. आपल्या पेढ्यांवरही परगावचा नोकर रात्री तळघरात झोपतो, हे आपण मोकळेपणी मान्य केले पाहिजे. दाराबाहेर कमरेएवढे पाणी साचले की बाहेर उघडणारे दार आतून लोटता येत नाही. या पावसाळ्यापूर्वी त्याचे अंथरूण वर हलवावे. यास खर्च काहीच नाही.

विम्याची पॉलिसीही एकदा चष्मा लावून वाचावी. पुराची जोखीम घेतलेली असूनही तळघरातील माल वगळलेला असू शकतो. तो स्पष्ट नमूद करून घ्यावा आणि मालाची छायाचित्रे दर हंगामात काढून दुसऱ्या गावी असलेल्या आप्ताकडे पाठवून ठेवावीत.

आमच्या आजोबांच्या हातचे रोजमेळ आणि खतावण्या तळघराच्या सर्वांत खालच्या फळीवर होत्या. अठरा वह्यांपैकी पाच वाचल्या. त्या आता दुसऱ्या मजल्यावरील कपाटात आहेत. भिजलेली कागदपत्रे कशी वाळवावीत, हे पुढील अंकी.