लैला-मजनू, गोंदियावाले

उंची जवळजवळ सहा फूट, पाय लांबसडक, डोकं-मान लालभडक आणि स्टेटस : कमिटेड! मंडळी, मॅट्रिमोनिअल साइटवर शोधू नका. हा गडी धानाच्या बांधीत उभा असतो. नाव सारस. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये याच्याएवढा उंच जगात दुसरा नाही.

सारस म्हटलं की लोक लगेच प्रेमकहाण्या सांगायला लागतात. गुजरातेत काही ठिकाणी नव्या जोडप्याला सारसाची जोडी दाखवतात म्हणे. बादशहा जहांगीरने पाळलेल्या जोडीचं नावच लैला-मजनू होतं आणि पठ्ठ्याने त्यांच्या अंडी उबवण्याच्या बारीकसारीक नोंदी करून ठेवल्या. मला विचाराल तर रोमान्सपेक्षा यांची ड्युटी-वाटणी जास्त भारी आहे. पावसाळ्यात उथळ पाण्यात गवत-लव्हाळ्याचा ढीग रचायचा, चांगला दोन मीटरपर्यंत रुंद. त्यावर बहुधा दोन अंडी. मग महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसणार, नो एक्स्क्यूज! झाडावर घरटं का नाही? कारण पायाचं मागचं बोट एवढंसं आणि वर सरकलेलं, फांदी धरताच येत नाही. म्हणजे पाणथळ जागा गेली की बिऱ्हाडच गेलं.

आणि यांचं ड्युएट! श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळं घालून बसलेली, त्यामुळे आवाज पार लांबवर जातो. नराच्या एका हाकेला मादी दोन हाका देते. (ओळखीचं वाटतंय? असो.) २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर आपल्याकडच्या संशोधकांनी तिघांचं गाणंही नोंदवलं. जिथे जागा फारशी बरी नाही, तिथे पिल्लू वाढवायला जोडी तिसरा पक्षी सोबत घेत असावी, असा त्यांचा अंदाज. पाळणाघराच्या वेटिंग लिस्टवर असलेल्यांना हे लगेच पटेल.

उत्तर प्रदेशात सारस हजारोंनी आहेत, तिथला तो राज्यपक्षीच. महाराष्ट्रात मात्र जे काही डझन उरलेत ते मुख्यतः गोंदियात, मालगुजारी तलावांच्या आणि धानाच्या आधाराने. मी तिकडे गेले होते तेव्हा बांधावरच्या काकांनी हात करून थांबवलं. ‘‘जोडा बसला आहे जी, तिकडून जा.’’ घरट्याखाली गेलेल्या धानाचं काय, विचारलं तर म्हणाले, ‘‘तेवढा नाही झाला तर नाही झाला.’’ असे अनेक शेतकरी तिथे सारसमित्र म्हणून राखण करतात.

पण राखण बांधीपुरतीच. कीटकनाशकं आहेत, आणि विजेच्या तारांना अडकून सारस मरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये स्वतःहून हा विषय याचिका म्हणून हाती घेतला, तो उगाच नाही. पिल्लाला उडायला तीनेक महिने लागतात. धान कापायला येतं तेव्हा कुठे ते पंख मारून बघत असतं, आणि बांधावरून, अगदी त्याच्या उंचीच्या टप्प्यात, तारा गेलेल्या असतात.